पुरावा मागणारा धर्मन्यायाधीश

१६०८ च्या डिसेंबरात मारिया दे शिमिल्देगी नावाची वीस वर्षांची मुलगी सुगारामुर्दीला परतली. हे गाव स्पेनच्या नवारा प्रांतातले, फ्रान्सच्या हद्दीला खेटून वसलेले. पिरेनीजच्या कुशीतली हिरवी कुरणे, मेंढ्या, जवळच उर्दाशचा मठ, आणि गावाबाहेर ओढ्याने डोंगर पोखरून केलेली मोठी गुहा. मारियाचे आईबाप काही वर्षांपूर्वी सीमेपलीकडच्या सिबूर या बंदराच्या गावी जाऊन राहिले होते. परत आल्यावर ती सांगू लागली, की तिकडे असताना आपण चेटकिणींच्या मेळ्यात होतो. आता आपण देवाच्या वाटेला लागलो आहोत. पण त्या दिवसांत सुगारामुर्दीच्या मेळाव्यालाही आलो होतो आणि तिथे कोणकोण असते हे आपल्याला ठाऊक आहे.

तिने पहिले नाव घेतले ते बावीस वर्षांच्या मारिया दे हुरेतेगियाचे. हुरेतेगियाने कानांवर हात ठेवले. शिमिल्देगीने मात्र चारचौघांत, समोरासमोर, इतके बारकावे सांगितले की घरच्यांचाही विश्वास डळमळला. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर रोखलेल्या पाहून हुरेतेगियाला भोवळ आली आणि शुद्धीवर आल्यावर तिने सारे कबूल केले. लहानपणापासून आपण चेटकीण आहोत, मावशीने आपल्याला यात ओढले. मग मावशीचे नाव आले, मावशीमागून इतरांची. लोक संशयितांच्या घरांत घुसून बेडूक शोधू लागले, कारण प्रत्येक चेटकिणीजवळ कपडे घातलेला एक बेडूक असतो आणि तो तिचा राखणदार सैतान असतो, अशी तिकडची समजूत होती. अखेर दहाएक माणसे चर्चमध्ये सगळ्या गावासमोर उभी राहिली, गुन्हा कबूल केला, शेजाऱ्यांची क्षमा मागितली आणि शेजाऱ्यांनी ती दिली.

गावाच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटले होते. आपल्याकडे गावकीत एखादे भांडण मिटावे तसे. माझ्या मते या सगळ्या हकिकतीतला सर्वांत शहाणपणाचा क्षण तोच होता. पण बातमी डोंगर उतरून लोग्रोन्यो शहरातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायासनाच्या, कचेरीत पोचली आणि जानेवारी १६०९ च्या अखेरीस चार बायका तिथल्या कोठडीत होत्या. पाठोपाठ त्यांचे सहा आप्त आपणहून लोग्रोन्योला आले. आमच्याकडून धमकावून वदवून घेतले, आम्ही चेटूकबिटूक काही करत नाही, हे सांगायला ते आले होते. त्यांनाही आत टाकले. त्यांच्यात ऐंशीच्या घरातली एक म्हातारी होती, ग्रासियाना दे बारेनेचेआ. कागदोपत्री ती चेटकिणींची राणी ठरली आणि तुरुंगातच मेली.

इन्क्विझिशन म्हटले की मराठी वाचकाला गोवा आठवतो. १५६० साली तिथे बसलेले पोर्तुगीज न्यायासन, आणि अ. का. प्रियोळकरांनी लिहिलेला त्याचा इतिहास. योगायोग असा, की १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. लोग्रोन्यो आणि गोवा या दोन्ही ठिकाणच्या प्रजेचा धनी तेव्हा तिसरा फिलिप होता, न्यायासने मात्र वेगळी. गोव्याचे न्यायासन लिस्बनला उत्तरे देई, लोग्रोन्योचे माद्रिदच्या 'सुप्रेमा' या सर्वोच्च मंडळाला. पुढची हकिकत लोग्रोन्यो आणि सुप्रेमा यांच्यातल्या पत्रव्यवहाराचीच आहे. पण त्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण चेटकिणींना जाळणे हा ख्रिस्ती धर्माचा पहिल्यापासूनचा रिवाज, हा समज खरा नाही.

जादूचा आळ आरंभी खुद्द ख्रिस्तावरच आला होता. दुसऱ्या शतकातल्या केल्सस या ग्रीक पंडिताने येशूला इजिप्तमध्ये विद्या शिकून आलेला जादूगार ठरवले होते. त्यामुळे आमचे ते चमत्कार आणि तुमची ती जादू, ही रेघ ओढणे नव्या धर्माला भागच होते. एफेससला धर्मांतर केलेल्या मांत्रिकांनी आपल्या पोथ्या जाळल्या, त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली, असे बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या भागात आहे. जळाल्या त्या पोथ्या, माणसे नव्हेत. पुढे धर्मपंडित ऑगस्टिनने सिद्धान्त मांडला, की जादूत जे काही घडते ते भुतांच्या, म्हणजे पतित देवदूतांच्या करामतीने, आणि भुते मुख्यतः फसवतात. या 'फसवतात' शब्दावर चर्च पुढे कित्येक शतके टिकून राहिले. राजा शार्लमेनने जिंकलेल्या सॅक्सन लोकांसाठी आठव्या शतकाच्या अखेरीस जो कायदा केला, त्यात एखाद्या बाईला माणसे खाणारी चेटकीण समजून जाळणाऱ्यालाच देहान्त शिक्षा होती. चेटकीण मानणे हीच तेव्हा रानटी अंधश्रद्धा होती.

नवव्या शतकातला लियोंचा बिशप आगोबार तर मला फारच आवडतो. त्याच्या मुलखातले लोक मानत, की ढगांतून 'मागोनिया' नावाच्या देशातली गलबते येतात, वादळ उठवणारे मांत्रिक गारा पाडतात आणि झोडपलेले धान्य त्या गलबतवाल्यांना विकतात. एकदा लोकांनी चार जणांना बांधून आणले. हे म्हणे गलबतातून खाली पडलेले, यांना दगडांनी ठेचायचे! आगोबारने पुष्कळ वाद घालून त्यांचा जीव वाचवला आणि वर या खुळाविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. साधारण ९०६ साली रेगिनो या मठाधिपतीने नोंदवलेला 'कानोन एपिस्कोपी' हा नियमही याच चालीचा आहे. काही बायका रात्री डायना देवीबरोबर जनावरांवर बसून लांबलांब फिरून आल्याचे सांगतात, ती सैतानाने दाखवलेली स्वप्ने आहेत. ती खरी मानणारा श्रद्धेपासून ढळला. बाराव्या शतकात हा नियम ग्रेशियनच्या धर्मकायद्याच्या संग्रहात गेला आणि विद्यापीठांत शिकवला जाऊ लागला.

मग वारे फिरले कसे? एक कारण मोठे गमतीचे आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धात वर्तुळे आखून, लॅटिन मंत्र म्हणून, भुतांना बोलावणारे जे खरेखुरे मांत्रिक होते, ते बहुतेक धर्मपीठाशीच संबंधित होते. लॅटिन त्यांनाच येई, भूत काढण्याचे विधी त्यांनाच पाठ, पोथ्या त्यांच्याच हाती. शेजारच्या कपाटातला हा उद्योग पाहून धर्मपंडितांनी ठरवले, की कुठलीही जादू म्हणजे सैतानाशी केलेला करार. चौदाव्या शतकात पोप बाविसावा जॉन याने अशा करारबाजांवर बहिष्काराचा हुकूम काढला. आणि शिकलेल्या पाद्र्यासाठी तयार झालेली ही कराराची कल्पना पंधराव्या शतकात हळूहळू खेड्यातल्या अडाणी म्हातारीच्या गळ्यात पडली.

हाइनरिश क्रामर या डोमिनिकन साधूने १४८४ मध्ये पोपकडून अधिकारपत्र मिळवले आणि दुसऱ्या वर्षी इन्सब्रुकला खटले उभे केले. तिथल्या बिशपने, गेओर्ग गोल्सरने, ते मोडीत काढून आरोपी बायका सोडल्या आणि क्रामरला, म्हातारपणाने याला पोरकटपणा आला आहे अशा शेऱ्यासह, गावातून निघून जायला लावले. अपमानाने पेटलेल्या क्रामरने घरी बसून 'माल्लेउस मालेफिकारुम', म्हणजे 'चेटकिणींवरचा हातोडा', हे पुस्तक लिहिले. पोपचे पत्र त्याने प्रस्तावनेसारखे पुढे जोडले. छापखाना नुकताच आला होता. पुढचे सांगायला नको.

स्पेनचे न्यायासन मात्र या हातोड्याला बिचकून होते. १५२६ मध्ये ग्रानादाला दहा विद्वानांनी मतदान केले, की चेटकिणी मेळाव्याला खरोखर जातात की मनाने. सहा जण म्हणाले खरोखर, चौघे म्हणाले मनाने. पण शिक्षा देताना हात आखडता ठेवा, यावर भर राहिला. १५३८ मध्ये सुप्रेमाने नवाराच्या न्यायाधीशांना लिहिले, की 'माल्लेउस'मधले सगळेच खरे मानू नका. सुगारामुर्दीच्या वेळी ही परंपरा सत्तर वर्षांची होती. लोग्रोन्योचे दोन न्यायाधीश, बेसेरा आणि वाये आल्वारादो, तिला विसरले.

त्यांना दोष देताना शेजारी काय चालले होते हेही ध्यानात घ्यावे. १६०९ च्या उन्हाळ्यात सीमेपलीकडच्या लाबूर मुलखात बोर्दोचा न्यायाधीश प्येर द लांक्र राजाचा परवाना घेऊन उतरला. त्याचा बाप-आजा बास्क, म्हणजे सीमेच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या लोकांच्याच, वंशाचा, आणि बास्क लोकांविषयी त्याला कमालीचा तिटकारा. पुरुष न्यूफाउंडलंडला मासे धरायला गेलेले, घरी बायका-पोरे. चार महिन्यांत त्याने बहुधा ऐंशीच्या आसपास माणसे जाळली. धसका घेऊन पळालेली माणसे डोंगर ओलांडून नवारात येत होती आणि त्यांच्याबरोबर कथाही येत होत्या.

लोग्रोन्योत जून १६०९ मध्ये तिसरा न्यायाधीश रुजू झाला तो आलोन्सो दे सालासार फ्रियास. बुर्गोसचा, चाळिशी ओलांडलेला, धर्मकायद्याचा पदवीधर, आणि इन्क्विझिटर जनरल सान्दोवाल इ रोहास याच्या विश्वासातला माणूस. हा सान्दोवाल म्हणजे तोच, ज्याने कादंबरीकार सर्व्हांतेसला त्याच्या म्हातारपणी आधार दिला. सालासार आला तेव्हा जबान्या होऊन गेल्या होत्या. आरोपींना बास्कखेरीज भाषा येत नव्हती आणि न्यायाधीशांना बास्क येत नव्हती; दुभाष्याच्या तोंडून कागदावर स्पॅनिशमध्ये जे उतरले ते मोठे सुसंगत दिसत होते. बोकडाच्या रूपातला सैतान, चर्चच्या मिस्साविधीची उलटी नक्कल, पुरलेल्या मुडद्यांचे जेवण, आणि लहान मुलांकडे काम कोणते, तर काठी घेऊन बेडकांचा कळप राखायचा. तोवर आणखीही माणसे धरून आणली होती. तुरुंगात साथ आली आणि निकालापूर्वीच तेरा जण मेले.

न्यायासनाचा नियम उफराटा होता. कबूल करेल त्याला पश्चात्तापी समजून सोडायचे किंवा हलकी शिक्षा द्यायची. नाकारेल तो कोडगा, त्याला जाळायचे. ७ आणि ८ नोव्हेंबर १६१० ला लोग्रोन्योत 'आउतो दे फे' झाले, म्हणजे निकाल वाचण्याचा जाहीर सोहळा. तीस हजार माणसे जमल्याचे तेव्हाचे लोक सांगतात. सहा जण जिवंत जाळले गेले आणि आधीच मेलेल्या पाच जणांचे पुतळे, हाडांच्या पेट्यांसह. जिवंत जाळलेल्या सहाही जणांनी शेवटपर्यंत गुन्हा नाकारला होता. ज्या हुरेतेगियाच्या कबुलीपासून सगळे सुरू झाले, तिचा शिक्षेचा झगा मात्र तिथेच, सगळ्यांदेखत, उतरवून घेण्यात आला. आणि पहिली शिमिल्देगी? तिला कधी कुणी पकडलेच नाही.

जळालेल्यांत मारिया दे आर्बुरू होती, एका साधूची आई. तिच्या बाबतीत पुरावा पुरत नाही म्हणून सालासारने विरुद्ध मत दिले होते. इतरांच्या निकालावर मात्र त्याची सही आहे. त्याचे गुणगान करणारे हे सांगायचे टाळतात.

सोहळ्यानंतर रोग थांबला नाही, वाढला. निकालाचे चोपडे लोग्रोन्योच्या हुआन दे मोंगास्तोनने जानेवारी १६११ मध्ये छापून विकायला काढले. गावोगाव प्रवचने झाली. आणि मुलांना स्वप्ने पडू लागली, की रात्री कुणी तरी आपल्याला उचलून मेळाव्याला नेते. एकट्या नवाराच्या डोंगराळ पट्ट्यात शेकडो मुले हेच सांगू लागली. पाद्री मुलांना चर्चमध्ये झोपवून रात्रभर जागवू लागले. ज्यांची नावे मुलांनी घेतली त्यांना शेजाऱ्यांनी शिडीच्या पायऱ्यांत माना अडकवून गावभर फिरवले, हिवाळ्यात गार पाण्यात उभे केले. पांप्लोनाचा बिशप वेनेगास सुरुवातीपासून सांगत होता की यात तथ्य नाही. सोलार्ते नावाच्या जेझुइटाने गावात हिंडून पाहिले तर पोरे सांगू लागली, आम्हाला दटावून बोलायला लावले. पेद्रो दे वालेन्सिया या पंडितानेही सान्दोवालला लांबलचक निबंध पाठवून शंका कळवल्या. तेव्हा सुप्रेमाने माफीचा जाहीरनामा काढला, की जो येऊन कबूल करेल त्याला शिक्षा नाही. तो घेऊन गावोगाव फिरायची जबाबदारी सालासारवर आली.

२२ मे १६११ ला तो निघाला आणि १० जानेवारी १६१२ ला परतला. खेचरांवर कागदपत्रे, सोबत कारकून आणि बास्क जाणणारे दुभाषी. त्याने १,८०२ माणसांची प्रकरणे हाताळली; त्यांतली १,३८४ मुले होती. जबान्यांची पाने अकरा हजारांवर गेली. आकडा मोठा आहे खरा. पण त्या पानांतले प्रश्न मला त्याहून मोलाचे वाटतात. तू घरातून कशी निघालीस? दारातून की धुराड्यातून? अंगावर कपडे होते का? वाटेत कुणी भेटले का? पाऊस होता तर भिजलीस का? चर्चच्या घंटा ऐकू आल्या का? मेळाव्याची जागा दाखव. ३६ जणांना वेगवेगळे नेऊन नऊ ठिकाणे दाखवायला सांगितली. जबान्या जुळल्या त्या फक्त दोन ठिकाणी. चेटकाचे म्हणून जमा केलेले मलम आणि भुकट्या यांची २२ भांडी वैद्य आणि औषधवाल्यांकडून तपासली, जनावरांना चारून पाहिली. जनावरांना काही झाले नाही. पुष्कळ जणांनी कबुलीजबाब खरा वाटावा म्हणून घरच्याच जिनसांतून ती भांडी तयार केली होती. सान्तेस्तेबान या गावी मुलांनी सांगितले, की सेंट जॉनच्या रात्री अमुक जागी मोठा मेळावा भरला होता. सालासारचे दोन कारकून त्या रात्री नेमके त्या जागी होते आणि त्यांना चिटपाखरूही दिसले नव्हते. सैतानाशी संग केल्याचे सांगणाऱ्या मुली सुइणींनी तपासल्या तर कुमारिका निघाल्या.

८१ जणांनी आपली कबुली मागे घेतली. त्याला फार हिंमत लागे, कारण जुन्या नियमाने कबुली फिरवणारा थेट चितेचा धनी. याआधी एक बाई कबुली मागे घ्यायला गेली होती; तिचे ऐकून न घेतल्याने तिने पाण्यात जीव दिला. सालासारने ही गोष्ट अहवालात मुद्दाम नोंदवली आहे.

मार्च १६१२ मध्ये त्याने अहवाल पाठवला. त्यात सैतान नाही, असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. सैतानाला हे सगळे करता येत असेल, तो म्हणतो, पण प्रश्न तो नाहीच. या ठिकाणी, या माणसांच्या बाबतीत, ते घडले का? त्याचा एकही बाहेरचा पुरावा नाही. आरोपीच्या शब्दाला आरोपीच्याच शब्दाचा टेकू. आणि त्याचे निरीक्षण असे, की या विषयाची चर्चा आणि लिखाण सुरू होण्याआधी त्या मुलखात चेटकिणीही नव्हत्या आणि झपाटलेलेही नव्हते. म्हणून उपाय एकच, गप्प बसणे. त्याचे दोघे सहकारी भडकले. त्यांच्या लेखी सैतानानेच या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. दोन वर्षे कागदांची लढाई चालली. सालासारने नंतरच्या निवेदनात लोग्रोन्यो न्यायासनाच्या, म्हणजे स्वतःच्याही, चुकांचा पाढा वाचला. उलट साक्षी दडपल्या, कबुली मागे घेऊ दिली नाही, सुटकेची लालूच दाखवली.

२९ ऑगस्ट १६१४ ला सुप्रेमाचा हुकूम आला आणि तो जवळजवळ सालासारच्याच शब्दांत होता. मूल मेले किंवा गारा पडल्या तर आधी पाहा, की त्या हंगामात ते तसेही घडते का. कबुली फिरवणाऱ्याला शिक्षा नाही. नुसत्या नाव घेण्यावरून अटक नाही. प्रत्येक प्रकरण माद्रिदला पाठवा. ज्यांनी शेजाऱ्यांचा छळ केला त्यांना राजाच्या न्यायालयाच्या हवाली करा. आणि सुगारामुर्दीच्या लोकांचे शिक्षेचे झगे रिवाजाप्रमाणे त्यांच्या चर्चमध्ये टांगायचे नाहीत, जेणेकरून त्यांच्या वंशजांच्या माथी कलंक राहणार नाही.

म्हणून या न्यायासनाला पुरोगामी ठरवू नये. हेच न्यायासन ज्यूंच्या आणि मुसलमानांच्या धर्मांतरित वंशजांना त्याच काळात छळत होते आणि तिथे त्याला असल्या शंका येत नव्हत्या. चेटकिणी वाचल्या त्या न्यायासनाच्या दयेने वाचल्या नाहीत. प्रकरण दूरच्या कचेरीत जाण्याचा नियम होता, आणि दूर बसलेल्याला शेजारणीचा राग नसतो. जिथे हा नियम पोचला नाही तिथे काय होते, ते पाहायला स्पेनबाहेर जायचीही गरज नाही. १६१८ ते १६२२ या वर्षांत कातालोनियात गावोगावच्या धर्मेतर न्यायालयांनी शंभराच्या वर माणसे, बहुतेक बायका, फासावर चढवली. जर्मनीत वुर्त्सबुर्ग आणि बांबेर्गच्या राजबिशपांनी शेकड्यांनी जाळली. युरोपभरच्या बळींचा आजचा अंदाज चाळीस ते साठ हजार आहे.

सालासार पुढे सुप्रेमाचा सदस्य झाला. त्याचा अहवाल गुप्त कागद म्हणून दप्तरात गेला. अमेरिकन इतिहासकार हेन्री चार्ल्स ली याने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची दखल घेतली आणि १९६७ मध्ये गुस्ताव हेनिंगसेन या डॅनिश अभ्यासकाला माद्रिदच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सालासारच्या कागदांचे मोठे बाड हाती लागले. मोंगास्तोनचे चोपडे मात्र पुन्हा पुन्हा छापले गेले. चित्रकार गोयाच्या काळातही ते नव्या टिपांसह वाचले जात होते. आज सुगारामुर्दीत चेटकिणींचे संग्रहालय आहे आणि त्या गुहेवर तिकीट आहे.